फुल्ल थ्रॉटलला हवेतच मोटर बंद: वेग वाढवलेल्या छोट्या मस्टँगचं नेहमीचं दुखणं

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या फोमच्या विमानाची मोटर बदलली, टू-एस (दोन सेलची) लिथियम बॅटरी काढून थ्री-एस (तीन सेलची) लावली. हातातून फेकल्याबरोबर विमान असं सुसाट सुटलं की बघणारे दोन पावलं मागे सरकले. आणि तिसऱ्या फेरीला, ऐन वेगात, आवाज एकदम गप्प. पुढचा अर्धा तास ज्वारीच्या धसकटांतून फोम वेचत फिरायचं.

हे दुखणं मी इतक्या वेळा निस्तरलंय की आता नुसत्या वर्णनावरून निम्मा अंदाज येतो. स्वतःच्या विमानात तीनदा आणि आमच्या रविवारच्या टोळीतल्या पोरांच्या विमानांत किती वेळा ते मोजणं सोडून दिलंय. जवळजवळ प्रत्येक जण आधी मोटरला दोष देतो आणि नवी मोटर आणतो. मोटर क्वचितच गुन्हेगार असते. बॅटरीपासून मोटरपर्यंत करंट ज्या वाटेने जातो, त्या वाटेत कुठेतरी जुनी, छोट्या बॅटरीच्या काळातली एखादी वस्तू तशीच राहिलेली असते.

मी ज्या विमानाबद्दल बोलतोय ते ८० सेंटीमीटर पंखांचं फोमचं पी-५१ मस्टँग. २२१२ आकाराची २२०० केव्ही मोटर, ३० अँपिअरचा इएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटची पट्टी), ६×४ चा, म्हणजे ६ इंची, प्रॉप (पुढचा पंखा), थ्री-एस १३०० एमएएच बॅटरी आणि ९ ग्रॅमचे चार सर्वो (विमान वळवणाऱ्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी). पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणारं नेहमीचंच सामान. स्पिटफायर, झिरो, मेसरश्मिट, कुठलंही छोटं लढाऊ विमान असो, तपासण्या याच. (केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला बिनओझ्याचे मिनिटाला किती फेरे, तो आकडा.)

आधी लक्षणं नीट आठवा

"बंद पडलं" एवढं पुरत नाही. कसं बंद पडलं ते सांगा. व्हिडिओ काढला असेल तर चित्रापेक्षा आवाज ऐका.

- मोटर थांबली, पण सर्वो चालू होते आणि विमान तरंगत उतरवता आलं. थ्रॉटल पूर्ण खाली घेऊन परत वर नेल्यावर मोटर पुन्हा फिरली. हा बॅटरीचा व्होल्टेज खाली बसल्याने झालेला कटऑफ, म्हणजे इएससीने स्वतःहून मोटर तोडली.
- सुरुवातीला सगळं छान, मग मिनिट-दोन मिनिटं फुल्ल थ्रॉटल दिल्यावर ताकद मंदावली किंवा तुटली. खाली आल्यावर इएससीला हात लावला तर चटका. हा उष्णतेचा कटऑफ.
- थ्रॉटल झटकन दिला की कर्रर्र असा चिरका आवाज, मोटर अडखळते, कधी थांबते. इएससी आणि मोटरचा ताल चुकतोय, नाहीतर मोटरच्या तीन वायरींपैकी एकीचा सोल्डरिंगचा डाग कच्चा आहे.
- मोटर किंचाळतेय, उलट आवाज चढलाय, पण विमान पुढे ओढलं जात नाही. प्रॉप शाफ्टवर घसरतोय.
- मोटरसकट सगळंच गेलं, विमान दगडासारखं आलं, आणि उचलेपर्यंत रिसीव्हर पुन्हा चालू. रिसीव्हरचा वीजपुरवठा क्षणभर तुटला.

यातलं शेवटचं लक्षण असेल तर तपासण्या पूर्ण होईपर्यंत विमान उडवू नका. बाकीच्यांत निदान सर्वो तुमच्या हातात असतात; यात काहीच नसतं.

फुकटातल्या तपासण्या

पहिली गोष्ट, प्रॉप काढा. टेबलावर बॅटरी जोडायची ती प्रॉप काढूनच. ६ इंची प्रॉप बोटाचं काय करतो ते मी माझ्या डाव्या अंगठ्यावर रोज बघतो.

मग प्रॉपचा अडॅप्टर. बहुतेक २२१२ मोटरींबरोबर ३.१७ मिलिमीटरच्या शाफ्टवर घट्ट बसणारा कोलेट (चिमट्यासारखा आवळणारा तुकडा) येतो. तो टोकाच्या नटानेच आवळला जातो. हाताने आवळला की घट्ट वाटतो, पण १८ हजार फेऱ्यांना तो घट्ट नसतो. नटाच्या छिद्रात खिळा घालून पाव फेरा आणखी आवळा. शाफ्टवर मार्करने एक रेघ ओढा, तीच पुढे कोलेटवरही न्या. उडवून आल्यावर रेघ जुळत नसेल तर उत्तर मिळालं. शाफ्टला तेलाचा हात लागला असेल तर आधी स्पिरिटने पुसा.

दुसरं, जोडण्या हाताने चाचपा. जमिनीवर दहा सेकंद फुल्ल थ्रॉटल द्या (इथे प्रॉप लागेल, विमान घट्ट बांधा, आणि प्रॉपच्या समोर किंवा बाजूला नाही, पंखांच्या मागे उभे राहा). लगेच बॅटरी काढून प्लग, वायर, डाग यांना एकेक बोट लावा. जिथे गरम, तिथे अडथळा.

गेल्या उन्हाळ्यात एक कॉलेजचा मुलगा मस्टँग घेऊन आला. "काका, दुसरी मोटर पण जळली बहुतेक." मी मोटरकडे पाहिलंही नाही. विमान मुळात टू-एस ८०० च्या बॅटरीचं, तिला लाल रंगाचा छोटा जेएसटी प्लग. याने थ्री-एस लावताना मधे कन्व्हर्टर वायर घातली आणि विमानाकडचा लाल प्लग तसाच ठेवला. त्या जातीचा प्लग ३ अँपिअरसाठी असतो. याची मोटर २० ओढत होती. प्लॅस्टिक इतकं मऊ झालं होतं की त्याच्या अंगठ्याचा ठसा त्यावर रेघांसकट उमटला होता. आतली पिन काळी. प्लग कापून जास्त करंट झेपणारा एक्सटी-६० प्लग डाग मारून बसवला, आणि जुनी "जळलेली" मोटर परत बसवून त्याच संध्याकाळी उडवली. एक्सटी-३० सुद्धा चालतो, पण सोपं मिळतं ते ६०. वजनातला फरक ५ ग्रॅमही नाही.

तिसरं, प्रॉपचा आकडा वाचा. हसू नका. २२०० केव्हीवर ८ इंची प्रॉप लावणारे दर महिन्याला एक तरी भेटतात, कारण जुन्या १४०० केव्ही मोटरीबरोबर तो छान चालत होता. प्रॉपला लागणारी ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने आणि फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने वाढते. म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांना ६ ऐवजी ८ इंच लावला तर ओझं तिपटीहून जास्त. आणि तो स्लो-फ्लायर जातीचा पातळ प्रॉप असेल तर आणखी धोका. एपीसी कंपनी या जातीच्या प्रॉपसाठी ६५,००० भागिले इंचातला व्यास अशी फेऱ्यांची मर्यादा देते. ८ इंचाला ती जेमतेम ८,१०० येते. त्यांच्याच इलेक्ट्रिक जातीच्या पातळ प्रॉपला १,५०,००० भागिले व्यास, म्हणजे ६ इंचाला २५,००० पर्यंत. वेगासाठी लहान व्यास, जास्त फेरे. मोठा प्रॉप लावून वेग वाढत नाही, वायरी वितळतात.

बॅटरी: इथे सगळे फसतात

पहिलं लक्षण असलेला प्रत्येक जण खाली उतरल्यावर बॅटरी मोजतो. सेलला ३.७५ व्होल्ट दिसतात. "बॅटरी निम्मी भरलेली आहे की, कटऑफ कसा लागेल?"

लागतो. कारण तुम्ही मोजलीत ती आराम करणारी बॅटरी. ओझ्याखाली ती किती बसते ते तिच्या अंतर्गत रोधावर ठरतं. समजा बॅटरी दोन उन्हाळे जुनी आहे आणि एका सेलचा रोध ३० मिलिओहम झालाय. तीन सेलचा ९०. त्यातून २२ अँपिअर गेले की जवळजवळ २ व्होल्ट आतल्या आत खर्च. आरामात ११.१ दाखवणारी बॅटरी फुल्ल थ्रॉटलला ९.१ वर येते. इएससीचा कटऑफ सेलला ३.२ वर लावलेला असेल तर त्याची रेघ ९.६ वर आहे, म्हणजे तुम्ही आधीच तिच्या खाली गेलात. थ्रॉटल कमी केला की व्होल्टेज परत वर येतो, मोटर पुन्हा फिरते, आणि तुम्ही मोटरीला शिव्या देत बसता.

चांगला चार्जर असेल तर तो प्रत्येक सेलचा रोध दाखवतो. एक सेल इतर दोघांपेक्षा दुप्पट दाखवत असेल तर ती बॅटरी वेगाच्या विमानातून काढा. हळू उडणाऱ्या ट्रेनरला चालेल. रोध मोजता येत नसेल तर मित्राची नवी, जरा जास्त एमएएचची थ्री-एस बॅटरी एकदा लावून पाहा. त्रास गायब झाला तर पुढचं काही वाचायची गरज नाही. मात्र जड बॅटरीने तोल बदलतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर बोटं ठेवून विमान सपाट राहतंय ना ते बघूनच फेका.

वेष्टनावरच्या 'सी' आकड्यावर (क्षमतेच्या किती पट करंट देईल तो आकडा) माझा विश्वास नाही. १३०० एमएएच आणि २५ सी म्हणजे कागदावर ३२.५ अँपिअर. कागदावर. मी त्यातले निम्मे धरून चालतो.

इएससीचा कटऑफ हार्ड असेल तर सॉफ्ट करा. रिमोटच्या स्टिकने बीप मोजत सेटिंग बदलायचं काम कंटाळवाणं आहे, पण सॉफ्टमध्ये मोटर एकदम तुटत नाही, ताकद कमी होत जाते, आणि उतरायला वेळ मिळतो. कटऑफ पूर्ण बंद करण्याचा सल्ला कुणी देईल. ऐकू नका, त्यात बॅटरी मरते, आणि मेलेली लिथियम बॅटरी फुगते.

थोड्या पैशांची तपासणी

वॉटमीटर घ्या. बॅटरी आणि इएससीच्या मधे लावायचा छोटा डबा, अँपिअर, व्होल्ट, वॉट तिन्ही दाखवतो. या छंदात मी घेतलेली सगळ्यात उपयोगी वस्तू. नवी मोटर आणण्याआधी हा आणा.

पूर्ण भरलेली बॅटरी, विमान बांधलेलं, पाच सेकंद फुल्ल थ्रॉटल, आकडा वाचा, थ्रॉटल खाली. माझ्या जोडीला ६×४ वर २० ते २२ अँपिअर येतात. याच मोटरीवर एकदा हट्टाने ८×४ लावून पाहिला होता. आकडा ४० ओलांडून चढायला लागला तसा मी हात मागे घेतला.

आता आकडा कशाशी ताडायचा? "इएससी ३० चा आहे, २५ आले तर काय बिघडलं" हे नेहमीचं वाक्य. पण साखळीतली सगळ्यात नाजूक कडी इएससी नाही. २२१२ च्या २२०० केव्ही मोटरीच्या कागदावर साधारण २१.५ अँपिअर, तेही ६० सेकंदांसाठी, असं लिहिलेलं असतं. म्हणजे आपण जमिनीवरच काठावर आहोत. हवेत वेग आल्यावर प्रॉपवरचं ओझं थोडं उतरतं, म्हणून निभतं. जमिनीवर २२ च्या वर आकडा गेला तर प्रॉप अर्धा इंच लहान करा. ५.५ चा प्रॉप लावल्याने वेग गेला असं मला तरी कधी जाणवलं नाही.

हिशोबच करायचा तर: ६×४ मधला ४ म्हणजे प्रॉप एका फेऱ्याला सिद्धांताने ४ इंच पुढे जातो. १८,००० फेऱ्यांना हे ताशी ११० किलोमीटरच्या आसपास येतं. फोमचं विमान हवेच्या विरोधामुळे त्याच्या खालीच राहणार. खरं मस्टँग ११.२८ मीटर पंखांचं, ताशी ७०० किलोमीटरच्या घरातलं. आपलं त्याच्या १/१४. नुसता भागाकार केला तर आपल्या विमानाला ताशी ५० पुरेसे आहेत! पण हे सांगून कुणी थांबल्याचं मी पाहिलेलं नाही. मीही थांबलो नाही.

इएससी तापतोय

छोट्या लढाऊ विमानाचं नाक बंद असतं. फोम उष्णता धरून ठेवतो. त्यात एप्रिलची दुपार. इएससी पोटात स्पंजने गुंडाळून ठेवलेला मी पाहिलाय, "हलू नये म्हणून". तो थंडीने नाही, गुदमरून मरतो.

मस्टँगवाल्यांचं नशीब चांगलं. खऱ्या विमानाच्या पोटाखाली जो मोठा हवेचा डबा दिसतो, त्यात रेडिएटर असायचा. पुढून हवा आत, मागच्या दाराने बाहेर. मॉडेलमध्ये तो डबा बहुधा भरीव फोमचा, नुसत्या शोभेचा असतो. कटरने तो पुढून उघडा, आतून बोगदा पोटापर्यंत न्या, इएससीची धातूची पट्टी त्या हवेत येईल अशी बसवा, आणि मागे बाहेर पडायला वाट द्या. मागचं भोक पुढच्यापेक्षा मोठं हवं. नुसतं पुढे भोक पाडून काही होत नाही. हवा आत कोंडते आणि उलट वेग खाते. स्पिटफायरवाल्यांनी पंखाखालचे डबे सोडून नाकाखालचं छोटं तोंड उघडावं, तिथून वाट सरळ मिळते.

इएससी हलवताना बॅटरीकडची वायर लांबवू नका. त्या बाजूची लांबी वाढली की व्होल्टेजचे झटके इएससीच्या कपॅसिटरवर येतात. लांबवायच्या तर मोटरकडच्या तीन वायरी.

उष्णता काढूनही तुटत असेल, आणि वॉटमीटर २० च्या आत दाखवत असेल, तर ३० चा इएससी नावापुरताच ३० चा आहे. ४० चा घ्या.

सगळंच गेलं तर

हे जरा सावकाश वाचा. इएससीतलाच एक भाग, बीइसी, रिसीव्हर आणि सर्वोंना ५ व्होल्ट देतो. स्वस्त इएससीत तो लिनियर असतो, म्हणजे जास्तीचे व्होल्ट उष्णता करून फेकून देतो. टू-एसवर ७.४ मधून ५ करताना १ अँपिअरला २.४ वॉट. थ्री-एसवर ११.१ मधून ५ करताना तेवढ्यालाच ६ वॉट. बॅटरी बदलली तेव्हा याचा विचार कुणी केला होता? चार सर्वो, त्यातला एक अडकून गुणगुणतोय, आणि बीइसी बसतो.

विमान टेबलावर ठेवा, स्टिक मधे, आणि कान लावा. शांत असताना गुणगुणणारा सर्वो शोधा. पुशरॉड (सर्वोपासून पट्टीपर्यंतची तार) वाकला असेल किंवा पट्टी फटीत घासत असेल. तेवढं सोडवलं की अर्धं काम होतं. तरी शंका असेल तर वेगळा ३ अँपिअरचा स्विचिंग यूबीइसी (इएससीबाहेरचा, कमी तापणारा बीइसी) लावा. तो लावला की इएससीच्या थ्रॉटल वायरीतली मधली लाल पिन काढून टेप गुंडाळायला विसरू नका. दोन पुरवठे एकमेकांवर नको.

आणि फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला तर विमानाने काय करायचं ते सेटिंग. फ्लायस्कायच्या सहा-चॅनल रिमोटवर तो स्वतः लावावा लागतो. थ्रॉटल शून्यावर लावा, प्रॉप काढून रिमोट बंद करून खात्री करा. हे आजच करा, बाकीचं राहू दे.

चिरका आवाज आणि शेवटी मोटर

मोटर आणि इएससीमधले तीन बुलेट प्लग ओढून पाहा. डाग करड्या रंगाचा, दाणेदार असेल तर तो कच्चा, पुन्हा मारा. २५ वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने जाड वायरीचा डाग नीट बसत नाही, ६० वॉटची हवी. मग इएससीचं टायमिंग मध्यम करा, स्टार्ट सॉफ्ट करा.

आता मोटर. बॅटरी काढलेली. मोटरच्या दोन वायरी एकमेकींना लावून हाताने फिरवा, जड लागेल. मग दुसरी जोडी, मग तिसरी. तिन्ही सारख्याच जड हव्यात. एक जोडी वेगळी लागली, किंवा काहीच न जोडता मोटर जड फिरते, तर वेटोळं गेलं. आत करपल्याचा वास, मोटरच्या फिरत्या टोपणात (घंटेत) सुटलेला चुंबक, शाफ्टला खडखड, यांपैकी काहीही असेल तर मोटर बदला. इथवर आलात तर खुशाल बदला.

इथे हात थांबवा

फुगलेली, खरचटलेली किंवा पडून दबलेली बॅटरी चार्ज करू नका. सुईने हवा काढणारे महाभाग असतात. त्यांच्या शेजारीही उभे राहू नका. बाहेर, वाळूच्या बादलीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

धूर निघालेला इएससी, तो पुन्हा चालू झाला तरी, विमानात परत जात नाही.

डाग मारण्याची सवय नसेल तर बॅटरीच्या बाजूचं काम छंदाच्या दुकानातल्या माणसाकडून किंवा टोळीतल्या जुन्या माणसाकडून करून घ्या. दोन वायरी चुकून टेकल्या तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. बॅटरीचा प्लग कापायचा असेल तर एका वेळी एकच वायर कापा, दोन्ही एकदम कधीच नाही.

सगळं करूनही दोनदा हवेत बंद पडलं, आणि कारण सापडलं नाही, तर तिसऱ्यांदा फेकू नका. वॉटमीटरचे आकडे लिहून, विमान घेऊन, जाणत्याला दाखवा. ३०० ते ४०० ग्रॅमची वस्तू ताशी १०० ने येते तेव्हा ती खेळणं नसते. म्हणूनच आम्ही सासवडच्या बाजूला, कापणी झालेल्या शेतात, मालकाला विचारून उडवतो, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा हिरवी आहे ना तेही आधी बघतो.

आणखी एक. वेगात खाली येताना फर्रर्र असा आवाज आला आणि लगेच काहीतरी तुटलं, तर तो मोटरीचा बिघाड नाही. एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची पट्टी) किंवा एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) थरथरतोय. त्याच क्षणी थ्रॉटल खाली, नाक हळूच वर, आणि उतरा. मग बिजागरीची टेप, हॉर्नचं (पट्टीवरच्या, पुशरॉड अडकवायच्या तुकड्याचं) ढिलं भोक आणि सर्वोचे घासलेले दाते बघा, पुशरॉड हॉर्नच्या बाहेरच्या भोकात न्या. पंखात कार्बनची दांडी नसेल तर ती बसवेपर्यंत जुनी टू-एस बॅटरीच लावा.